नाव अंकुशचं, मुठी माझ्या

गेल्या महिन्यात ईटच्या यात्रेत म्या जो येडेपणा केला, तिथनंच लिहा, कारण बाकीचं सगळं त्याच्याच पोटात हाय. मांडव भरलेला, जुन्या खेळाडूंचा सत्कार चाललेला, आन् मास्तरनं माइकवर पुकारलं, आता येताहेत ईटचा वाघ, जिल्ह्याचा शूटर, अंकुश निवृत्ती! आन् मी उठलो. नवी टोपी सारखी केली, स्टेजच्या पायऱ्या चढलो, चढता चढता लोकांना हात पण जोडले. आता तुमी म्हणाल, सत्काराला माणूस उठला, यात येडेपणा कसला. तर माझं नाव रशीद हाय. अंकुश दुसराच माणूस हाय, आन् तो दुसऱ्या बाजूनं त्याच वेळी पायऱ्या चढत व्हता.

थांबा, आधी पाणी घ्या. ही गोष्ट गडबडीत सांगितली तर मलाच कळत न्हाय.

मी बेंबळीचा. आमी पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, हाच धंदा आब्बाचा, त्यांच्या आब्बाचा, आन् मरंपर्यंत माझा. ती मोठी कमान तुमी बघितली असंल लहानपणी, खांद्यावर घेऊन पिंजारी गावात यायचा, कमानीला ताणलेल्या दोरीवर, तातीवर, लाकडी मोगरीनं ठोकायचा, तुंय तुंय करत कापूस उडायचा. ती कमान दिवसभर धरून ठोकायची म्हंजे मनगटं आन् खांदं लोखंडाचं पाहिजेत. माझं झालं व्हतं. बाकी अंगावर काय नव्हतं, हमीदा, म्हंजे माझी घरवाली, अजून म्हणते की लग्नात मला वाटलं दोन हात चालत आल्यात, मागनं नवरा येत असंल.

थंडी सरली की लग्नसराईच्या आधी आब्बासंगं गावोगाव फिरायचं. भूम तालुक्यातलं ईट मोठं गाव, तिथं तात्यांच्या घरी लग्न व्हतं आन् गाद्यांचं लई काम व्हतं. तात्या म्हंजे गावातलं वजनदार माणूस, आन् गावच्या शूटिंगबॉलच्या टीमचं कारभारी पण तेच. शूटिंगबॉल माहीत हाय ना? व्हॉलीबॉलसारखीच जाळी असते, पण बोटांनी अलगद उचलायचं काम न्हाय, मुठी जोडून दणका हाणायचा. जो मागं उभा राहून समोरच्याच्या छातीवर चेंडू हाणतो तो शूटर. तर आमी ओसरीवर कापूस पिंजतोय, पोरं पलीकडं खेळतायत, आन् चेंडू उडत आला थेट आमच्या कापसाच्या ढिगाकडं. ढीग उडाला असता तर आब्बांनी मला पिंजला असता. म्हणून मी मोगरी टाकली आन् मुठी जोडून चेंडूला मधीच हाणला. चेंडू जाळीवरनं गेला, पलीकडच्या पोराच्या हाताला लागला आन् पोरगं खाली बसलं. तात्या ओट्यावर चहा पीत व्हते. बशी तशीच हातात. म्हणले, पोरा, केसातला कापूस झटक आन् हिकडं ये.

असा मी खेळाडू झालो. गाद्या वाचवायला गेलो आन् खेळाडू झालो.

आता अडचण ऐका. यात्रेतल्या मॅचेसचा कायदा असा की टीममधी गावचीच पोरं पाहिजेत. कायदा सगळ्यांना पाठ आन् सगळ्या टीमा बाहेरचा एकतरी गडी आणायच्या, त्याला गावातल्याच कुणाचं तरी नाव द्यायच्या. ह्यात कुणाला पाप वाटत नव्हतं, नवरदेवाला दुसऱ्याचा कोट घालतात तसंच ते. तात्यांनी गावातली पोरं नजरंखालनं काढली आन् म्हणले, हा आपला निवृत्तीचा अंकुश, वय सारखं, अंगकाठी सारखी, आन् ह्याला चेंडू आला की डोळं मिटायची सवय हाय, ह्याचं नाव घे. अंकुशनं हसत हसत देऊन टाकलं. नावच मागतायत, म्हैस थोडीच.

फुकटचं नव्हतं ते. समोरची टीम हरायला लागली की हरकत घ्यायची, हा गडी गावचा न्हाय म्हणायची, मग पंच उलटतपासणी करायचे. बापाचं नाव काय, आजोळ कुठलं, तुमच्या वावराच्या खालच्या अंगाला कुणाचं वावर, घरच्या बैलांची नावं काय. मला सगळं पाठ व्हतं. माझ्या सख्ख्या मामाचं गाव विचारलं तर मी अडखळलो असतो, पण अंकुशचा मामा कुठल्या गावचा, त्याला किती पोरी आन् थोरली कुठं दिली, धडाधडा सांगायचो. मॅचच्या आधी अंकुशची आई माझ्या कपाळाला अष्टगंध लावायची. खेळताना घाम यायचा, ते डोळ्यात उतरायचं, आन् लोकांना वाटायचं गडी जिद्दीनं रडतोय. येष्टीत बसायच्या आधी हापशावर तोंड धुवायचं आन् पुन्हा रशीद व्हायचं.

ती म्हातारी लई मायेची. दुधाचा पेला भरायची. म्हणायची, मला दोन अंकुश, एक दूध पितो आन् एक जिंकतो. खरा अंकुश बाजूला उभा राहून खेळणाऱ्यांचे सदरे आन् चपला सांभाळायचा. आमच्या दोघात कधी वाकडं आलं न्हाय. मी पॉइंट मारला की त्याच्याच पाठीवर लोकं थाप मारायची आन् तो पण लाजायचा.

आब्बांना मात्र हे पटलं न्हाय. एकदा मी जिंकून घरी आलो, बक्षिसाच्या ढालीची गोष्ट सांगितली, म्हणले ढाल कुठं हाय. म्हणलं ईटला हाय. म्हणले तिच्यावर नाव कुणाचं. म्हणलं अंकुशचं. आब्बा सुई ओवत बसले व्हते, वर न बघता म्हणले, बेटा, नाव काय गादीची खोळ हाय व्हय, काढली आन् दुसऱ्या गादीला घातली? मी तवा हसलो. आमच्या आब्बांना सगळ्या गोष्टी गादीवरनंच सुचायच्या.

तुमी विचाराल, मग आपल्या गावाकडनं का न्हाय खेळला, रशीद म्हणून? खेळलो असतो. पण बेंबळीचा शूटर पाटलांचा भाचा व्हता. बरा खेळायचा बिचारा, आन् पाटलांचा भाचा असल्यामुळं अजून बरा दिसायचा. मला म्हणले, रशीद, तू मैदानाला चुना मार. म्या मारला. लई सरळ रेघा यायच्या माझ्या.

तर एका वरसाला तेरखेड्याला फायनल झाली. तेरखेडा म्हंजे फटाक्यांचं गाव, तिथं पॉइंट गेला तरी लड लावायची आन् पॉइंट आला तरी लड लावायची. त्या दिवशी माझ्या अंगात काय आलं व्हतं खुदा जाणे. मी हाणंल तो चेंडू आन् समोरच्याचे हात मागं. शेवटचा चेंडू मारला आन् एवढ्या लडी पेटल्या की धुरात जाळी दिसंना. त्या धुरातनं एक साहेब आले. जिल्ह्याची टीम निवडणारे. माझ्या दोन्ही मुठी आपल्या हातात घेतल्या, उलट्यासुलट्या करून बघितल्या, जसं बाजारात जनावराचे दात बघतात, आन् म्हणले, असा दणका मी जिल्ह्यात बघितला न्हाय. नाव काय तुझं?

काय सांगू तुमाला. आयुष्यात एकदा कुणीतरी नाव विचारलं. समोरची टीम हातभरावर कान देऊन उभी. मी रशीद म्हणलो असतो तर त्याच जागी ढाल गेली असती, ईटच्या माणसांना तेरखेड्यातनं मान खाली घालून जावं लागलं असतं. म्या तात्यांकडं बघितलं. तात्या माझ्याकडं. अंकुश सगळ्यांचे सदरे छातीशी धरून उभा. म्हणलो, अंकुश निवृत्ती, ईट.

बास. तिथं आमची लाइन बदलली. स्टँडवर चुकून दुसऱ्याच येष्टीत बसल्यावर कसं लगेच कळत न्हाय, गाडी चालू असते, खिडकीतनं वारं येत असतं, बरं वाटत असतं, तसं झालं. त्या साली मी जिल्ह्याकडनं खेळलो, राज्याच्या स्पर्धेत खेळलो, पेपरात फोटो आला. फोटोत मी, खाली नाव अंकुशचं. प्रमाणपत्रं आली ती पण त्याचीच, मी ती येष्टीनं ईटला नेऊन त्याच्या आईच्या हातात दिली. म्हातारीनं देवासमोर ठेवली, वर हळद-कुंकू वाहिलं.

मग एक दिवस अंकुश बेंबळीला आला. हातात पेढ्याचा पुडा. आमच्या दुकानात कापसावरच बसला, पुडा मांडीवर धरून. म्हणलं, अरे आई बरी हाय ना? म्हणला, व्हय. मग म्हणला, रशीद, मला सरकारी नोकरी लागली, खेळाडू म्हणून. आन् रडायला लागला. म्हणला, तात्यांनी अर्ज करायला लावला, मी नको म्हणत व्हतो, पण घरी बहिणीचं लग्न हाय, तू सांग, तू न्हाय म्हणालास तर मी जाणार न्हाय. आता असं रडणाऱ्या माणसाला न्हाय कसं म्हणायचं? आन् न्हाय म्हणून मला काय मिळणार व्हतं, नोकरी तर अंकुशलाच लागली व्हती. म्या पुडा सोडला, एक पेढा खाल्ला. गोड व्हता, खोटं कशाला बोलू.

तो गेल्यावर आब्बांनी पुड्याकडं बघितलं आन् म्हणले, खोळ गेली व्हय रे, गादी पण गेली. आन् पेढा खाल्ला न्हाय.

अंकुश वाईट माणूस न्हाय, हे नक्की लिहा. त्याच्या हापिसातल्या टीममधी त्याला खेळायला सांगितलं तवा पहिल्याच दिवशी गुडघा धरून बसला, आन् मग ते दुखणं त्यानं रिटायर हुईपर्यंत इमानदारीनं सांभाळलं. कुणी बघत नसलं तरी लंगडायचा म्हणे. आता सवयीनं खराच लंगडतो. पोरांची लग्नं झाली त्या त्या वेळी गाद्या माझ्याकडनंच घेतल्या, भावात कधी घासाघीस केली न्हाय.

मला मग ईटकडनं खेळता येईना. अंकुश नोकरीवर आन् यात्रेत चेंडू कोण हाणतोय, असं झालं असतं. मग दुसऱ्या गावात दत्ता झालो, तिसऱ्या गावात सुरेश झालो, एका गावात तर मेलेल्या माणसाच्या नावावर खेळलो, त्याची बायको मैदानाच्या कडंला येऊन उभी राहायची, मला लई अवघड व्हायचं. रोजगार म्हणाल तर जेवण, येष्टीचं तिकीट, कधी एखादी कोंबडी. मग उजवा खांदा गेला. वर उचलला की कट्‌ असा आवाज यायचा, हमीदा म्हणायची दार वाजलं वाटतं. खांदा गेला तसा कापसाचाही धंदा गेला. आधी पिंजायची मशीन आली, मग फोमच्या गाद्या आल्या, दोरीनं गुंडाळलेल्या, दुकानातनं थेट घरी. आता मांडववाल्यांची कामं तेवढी राहिलीत, स्टेजवरच्या गाद्या आन् लोड.

आमचा पोरगा पुण्याला कंपनीत हाय. एकदा म्या त्याला तो पेपरातला फोटो दाखवला. बराच वेळ बघितला त्यानं. म्हणला, आब्बा, ह्यो तुमच्यासारखाच दिसतो. म्या फोटो घडी घालून ठेवला. खाली नाव छापील हाय.

आता पुन्हा यात्रेवर येतो. तात्यांचा मुलगा राजेंद्र, आता यात्रेचं तोच बघतो, बेंबळीला दुकानात आला. म्हणला, चाचा, स्टेजच्या गाद्या नव्यानं भरून पाहिजेत, लोड पाहिजेत, पांढऱ्या चादरी पाहिजेत. आन् निघताना चपला घालता घालता म्हणला, अवंदा जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवलाय, तुमी याच, तात्यांनी तुमची आठवण काढली व्हती.

एवढंच म्हणला. पण मला पुरलं. घरात जाऊन हमीदाला सांगितलं, ईटला माझा सत्कार हाय. हे सांगतानाच मला कसंतरी झालं, कारण तिनं मला एकदाही खेळताना बघितलं न्हाय. तिला वाटायचं मी जातो आन् हातपाय सुजवून येतो. आन् आमच्यात बायकू नवऱ्याचं नाव घेत न्हाय, पोरगा झाल्यापास्नं मी ‘सलीमचे आब्बा’ हाय. तवा मला वाटलं, एकदा लाऊडस्पीकरमधनं, अख्ख्या यात्रेला ऐकू जाईल असं, कुणीतरी रशीद म्हणावं आन् ते हिनं ऐकावं. दुसरं काय नको, शाल सुद्धा नको. शालीला काय, उन्हाळ्यात शाल घेऊन काय करायचं.

त्या गाद्या म्या जीव लावून भरल्या. रुई हातानं निवडली, एक सरकी ठेवली न्हाय. तात्यांच्या ओसरीवर जशा भरल्या व्हत्या तशा. आदल्या दिवशी टेम्पोनं पोचवल्या, स्वतः स्टेजवर अंथरल्या, चादरी ताणल्या. दुसऱ्या दिवशी हमीदानं ईदची साडी नेसली आन् आमी दोघं येष्टीनं गेलो. ती बायांच्या बाजूला बसली, मी पुढं.

मास्तर एकेक नाव घेत व्हते. मास्तर नवे, त्यांना जुनं काय ठावं. मी मनातल्या मनात रशीद, रशीद म्हणत बसलो व्हतो, आता येईल, आता येईल. आन् त्यांनी पुकारलं, अंकुश निवृत्ती. तुमाला खरं सांगतो, पायांनी मला विचारलंच न्हाय. किती वरसं त्या नावाला हे पाय उठल्यात, मैदानात धावल्यात. शेवटच्या पायरीवर गेलो तवा समोरनं सफारी घातलेला, काठी टेकत लंगडत येणारा अंकुश दिसला.

दोघं समोरासमोर. मास्तर माइक हातात धरून म्हणले, चाचा, तुमी कोण?

दुसऱ्यांदा कुणीतरी नाव विचारलं, आन् ह्या वेळी तर माइकच तोंडापाशी. स्टेजवर खुर्चीत तात्या बसले व्हते, लई थकल्यात, मान हलते. त्यांनी मला बघितलं, ओळखलं. त्यांचे डोळे भरले, पण तोंड उघडलं न्हाय. पुढच्या रांगंतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठावं व्हतं. एकेकजण आपापल्या चपला बघत व्हता. आन् अंकुशच्या मागं त्याची सून, नातू, मोबाइल धरून शूटिंग करत. अंकुशचे ओठ हलायला लागले. मला दिसलं, हा आता बोलणार. खरं बोलणार. ह्या वयात, नातवासमोर, पेन्शनीतला माणूस. तो माझ्या दुकानात रडला व्हता तसाच चेहरा झाला व्हता.

मी खाली वाकलो. लोड वाकडा झाला व्हता तो सरळ केला, चादरीची सुरकुती ओढून काढली. म्हणलो, काय न्हाय मास्तर, चादर सरकली व्हती.

माइकमधनं सगळ्यांना ऐकू गेलं. लोकं हसली, पण बरं हसली, वाईट न्हाय. मास्तर म्हणले, वा, वा, आपले गादीवाले चाचा, त्यांचेही आभार मानू या. गादीवाले चाचा. तिथं सुद्धा त्यांनी नाव घेतलं न्हाय. आन् मी पायऱ्या उतरलो. उतरताना अंकुशनं माझा हात धरला, घट्ट. त्याचा हात लई मऊ हाय.

मग त्याला शाल घातली, नारळ दिला, मास्तरनं त्याचा तेरखेड्याचा शेवटचा दणका वर्णन करून सांगितला. चांगला सांगितला. मी पण ऐकला. त्यानंतर अजून नावं राहिली असतील म्हणून मी बसून राहिलो, आभार झाले, भाषणं झाली, पोरं खुर्च्या उचलायला लागली तरी बसून राहिलो. मग माझ्याच गाद्या गुंडाळायला लागले तवा उठलो.

येष्टीत हमीदा खिडकीबाहेर बघत बसली. वाशी गेलं, येरमाळा गेला. मला वाटलं, हिला काय कळलंच नसंल, बरंच झालं. घरी आलो, तिनं साडी बदलली, चूल पेटवली, चहा ठेवला. माझ्याकडं पाठ करून म्हणाली, तुमी उठलात तवा मला वाटलं तिथं तुमाला अंकुशच म्हणत असतील, म्हणून म्या टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्या बायांच्या आधी. मग तो दुसरा माणूस आला. मधीच कशी थांबणार, बायांना कळलं असतं. म्हणून त्याला शाल घालंपर्यंत वाजवत राहिले.